टिकल्यांचे ससेकान: शिवायला बसण्याआधीची तयारी

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सशांचा नाच होता आणि बारा मुलांसाठी टिकल्यांचे कान शिवण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते. कान दिसायला चांगले झाले होते आणि दिव्यांच्या झोतात चमकतही होते. परंतु नाचाची पाळी येईपर्यंत मुलांना ते डोक्यावर घालून पाऊण तास बसावे लागले आणि तेवढ्या वेळात तारेची टोके व दोऱ्याच्या गाठी कानांच्या मागे टोचू लागल्या. पाच मुलांनी पडद्यामागेच हेअरबँड काढून ठेवले. एका लहान मुलीच्या कानामागे उठलेला ओरखडा पाहून मला फार वाईट वाटले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण हेअरबँडच्या आतल्या बाजूने लावायची मऊ फेल्टची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या नमद्यासारख्या कापडाची, पट्टी मी लावलीच नव्हती. यंदा हेच काम पुन्हा करायचे आहे आणि इतरही पालक करणार आहेत, म्हणून ही तयारी लिहून ठेवते.

खरेदीची सुरुवात फेल्टपासून करावी. टिकल्यांच्या दुकानात शिरल्यावर रंग पाहण्यात तासभर जातो आणि फेल्टसारखी साधी वस्तू 'नंतर घेऊ' म्हणून मागे राहते. माझे नेमके तसेच झाले होते. फेल्ट पातळ, सुमारे एक मिलिमीटर जाडीचे आणि गालावर घासून पाहिल्यास मऊ लागणारे असावे. स्टेशनरीच्या दुकानात फेल्टचे ए-फोर आकाराचे तुकडे मिळतात, ते या कामासाठी घेऊ नयेत. त्यांची लांबी २९.७ सेंटीमीटर असते, तर लहान मुलांचा हेअरबँड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ ते ३८ सेंटीमीटर भरतो आणि दोन्ही टोकांवर पट्टी दुमडून घ्यायची असल्याने तिची लांबी ४२ सेंटीमीटर लागते. कापडाच्या दुकानातून मीटरवर मिळणारे फेल्ट अर्धा मीटर घेतले की बारा मुलांचे काम भागते. तुकडेच मिळाले तर जोड डोक्याच्या मधोमध येईल असा द्यावा, कानामागे कदापि येऊ देऊ नये. फेल्ट मुळीच न मिळाल्यास जुन्या सुती बनियनचे कापड दुहेरी करून वापरता येते. पट्टीवाचून मात्र काम पुढे नेऊ नये.

हेअरबँड प्लास्टिकचे, सुमारे सव्वा सेंटीमीटर रुंदीचे आणि आतून दाते नसलेले घ्यावेत. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या डोक्याचा घेर साधारण ५१ ते ५३ सेंटीमीटर असतो, तरीही एक नमुना आणून दोन-तीन मुलांच्या डोक्यावर घालून पाहिल्याशिवाय डझनाची खरेदी करू नये. त्यावर गुंडाळण्यासाठी दोन सेंटीमीटर रुंदीची सॅटिनची रिबीन प्रत्येकी सव्वा मीटर लागते. रिबीन शोभेसाठी आहे असे समजून ती गाळू नये. गुळगुळीत प्लास्टिकवर ग्लू गनचा, म्हणजे गोंद वितळवून सोडणाऱ्या विजेच्या बंदुकीचा, गोंद थंड झाला की सालीसारखा सुटून येतो आणि नाचता नाचता कान खाली पडतो. रिबीन घट्ट गुंडाळलेली असेल तर सुई घालायला कापड मिळते आणि कान शिवून पक्का करता येतो.

आता टिकल्या. टिकलीसाठीचा सिक्विन हा इंग्रजी शब्द व्हेनिसच्या झेक्किनो या सोन्याच्या नाण्यावरून आला आणि त्याच्या मुळाशी असलेला अरबी 'सिक्का' आपल्याकडे 'शिक्का' होऊन नांदतो आहे. कपड्यावर नाण्यासारखे काहीतरी चमकावे ही हौस जुनीच आहे. बारा जोड्यांसाठी एकेक टिकली हाताने लावत बसण्याचा मोह धरू नये, टिकल्यांचे तयार कापड आणावे. पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वरला ते मिळते. ४४ इंच पन्ह्याचे पाऊण मीटर कापड पुरेसे होते, कारण टिकल्या कानाच्या फक्त पुढच्या बाजूला लावायच्या आहेत. मागची बाजू पांढऱ्या साध्या सॅटिनची ठेवावी. दोन्ही बाजूंना टिकल्या लावल्यास कान जड होतात आणि मुलाने मान हलवली की हेअरबँड कपाळावर घसरतो. हात फिरवल्यावर रंग बदलणाऱ्या टिकल्यांचे कापड घेऊ नये. मुले त्यावर सतत बोटे फिरवत बसतात आणि टिकल्या सैल होतात. कापडाच्या रंगाच्या सुट्या ५ मिलिमीटरच्या टिकल्यांची एक पुडी मात्र आठवणीने घ्यावी, तिचे काम पुढे येते.

तार १८ गेजची, हाताने वाकेल पण आपला आकार धरून ठेवील अशी असावी. प्रत्येक कानाला ४५ सेंटीमीटर धरली तर चोवीस कानांना सुमारे अकरा मीटर लागते. सोबत कापडी चिकटपट्टी, पक्कड, १४ नंबरच्या मशीनच्या किमान चार सुया आणि पांढरा दोरा घ्यावा. चांगली कात्री या कामाला लावू नये, टिकल्यांनी धार जाते.

कापायला बसल्यावर सर्वांत आधी फेल्टच्या पट्ट्या कापाव्यात. टिकल्यांच्या कापडाला अजून हात लावू नये. ४२ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद अशा चौदा पट्ट्या कापून, दोन जास्तीच्या धरून, प्रत्येक हेअरबँडला रबराने बांधून ठेवाव्यात. हेअरबँड हातात घेतला की पट्टी हातात आलीच पाहिजे, अशी व्यवस्था केल्याशिवाय माझा आता माझ्या स्मरणशक्तीवर विश्वास नाही.

त्यानंतर कान. १७ सेंटीमीटर उंच आणि ७ सेंटीमीटर रुंद असा पानाच्या आकाराचा पुठ्ठा कापून घ्यावा आणि भोवती एक सेंटीमीटर माया, म्हणजे शिलाईसाठी जास्तीचे कापड, धरावी. आकृती कापडाच्या उलट बाजूला काढावी. टिकल्यांच्या कापडाला मखमलीसारखीच एक दिशा असते. वरून खाली हात फिरवल्यावर टिकल्या गुळगुळीत लागतात आणि उलट फिरवल्यास हाताला खुपतात. सगळ्या कानांत गुळगुळीत दिशा टोकाकडून बुंध्याकडे आली पाहिजे, नाहीतर जोडीतला एक कान उजळ आणि दुसरा मळकट दिसतो. पुष्कळ कापडांत टिकल्या साखळीच्या टाक्याने लावलेल्या असतात आणि कापलेल्या कडेचा दोरा ओढला गेला की ओळच्या ओळ उसवते. म्हणून कापल्याबरोबर कडेने कागदी चिकटपट्टी लावावी. जमिनीवर जुनी चादर अंथरावी, घरात तीन वर्षांखालील मूल असल्यास ते झोपल्यावरच कापावे, आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण टिकलीचे तुकडे उडतात.

मायेतल्या टिकल्या काढणे हे कंटाळवाणे काम आहे आणि ते टाळणाऱ्याच्या सुया तुटतात. शिलाई जिथून जाणार त्या एक सेंटीमीटरच्या पट्ट्यातील प्रत्येक टिकली कात्रीच्या टोकाने मधोमध कापून काढावी; दोरा कापू नये, फक्त टिकली कापावी. एका कानाला वीस मिनिटे सहज जातात, म्हणून हे काम तीन संध्याकाळींत वाटून घ्यावे. शिवून सुलट केल्यावर कडेला जिथे मोकळे कापड दिसते, तिथे पुडीतल्या सुट्या टिकल्या हाताने लावाव्यात.

इस्त्री करू नये. पूर्वी जिलेटिनच्या टिकल्या होत्या, त्या उष्णतेने आणि ओलाव्याने विरघळत. आजच्या प्लास्टिकच्या टिकल्यांना ओलाव्याची भीती नाही, परंतु एक ठिपक्याची सर्वांत मंद इस्त्रीही ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तेवढ्याने टिकल्या आक्रसून त्यांची चमक जाते. ग्लू गन याहूनही गरम असते, तीही टिकल्यांपासून दूर ठेवावी.

तार कानाच्या आकारात वाकवून आत सरकवावी आणि बुंध्याशी प्रत्येक बाजूला सुमारे ४ सेंटीमीटर टोक ठेवावे. हेअरबँड मुलाच्या डोक्यावर घालून मध्यापासून दोन्हीकडे ४ सेंटीमीटरवर खडूने खुणा कराव्यात आणि तिथे ही टोके हेअरबँडभोवती पकडीने आवळून गुंडाळावीत. प्रत्येक टोक आधी परत वाकवून त्याची कडी करावी, तिच्यावर कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे द्यावेत आणि मग कानाचा बुंधा रिबिनीला दुहेरी दोऱ्याने शिवावा.

इथे काम संपल्यासारखे वाटते. कान उभे राहिलेले असतात, घरातली सगळी माणसे कौतुक करतात, रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि आपण दिवा मालवतो. मी मालवला होता. काम संपलेले नसते. चिकटपट्टीखालची तार मुलाच्या डोक्याच्या उष्णतेने आणि घामाने उघडी पडते, रिबिनीच्या टोकाची गाठ कानामागच्या नाजूक कातडीवर घासते, आणि मूल ते आपल्याला सांगत नाही, कारण त्याला नाचायचे असते. म्हणून रबर सोडून फेल्टची पट्टी घ्यावी, हेअरबँडच्या आतल्या अंगाला लावावी, दोन्ही टोकांवर दोन दोन सेंटीमीटर दुमडून तिथे ती दुहेरी करावी आणि दोन्ही कडांनी तुरपाईचे बारीक टाके घालावेत. ग्लू गनने चिकटवण्याची घाई करू नये. तो गोंद वाळल्यावर त्याचा टणक उंचवटा उठतो आणि तोच टोचू लागतो. गाठी पट्टीच्या खाली दडवाव्यात, पट्टीवर येऊ देऊ नयेत. मग आपल्या स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हेअरबँड दाबून चारदा घासावा आणि काहीही खुपल्यास टाके उसवून पुन्हा घालावेत. बाराही हेअरबँड असेच तपासावेत, नमुन्याला एक तपासून भागत नाही.

कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी एका मुलाला हेअरबँड अर्धा तास घालून खेळू द्यावे आणि नंतर कानामागे पाहावे. घसरत असल्यास आतल्या पट्टीलाच दोऱ्याचे दोन लहान फासे करून त्यांतून केसांच्या पिना घालाव्यात.

नेण्यासाठी खोके उंच घ्यावे. सोबत सुई, पांढरा दोरा, पिना आणि त्या दोन जास्तीच्या पट्ट्या ठेवाव्यात.