जुनी यूयूएनकोड फाइल उघडत नाही? या चुका टाळा

जुन्या ईमेलच्या बॅकअपमध्ये ‘बिगिन 644’, पुढे फाइलचं नाव आणि खाली पानभर अगम्य अक्षरं दिसली, की ‘मेल करप्ट झाली’ म्हणून डिलीट करू नका. ते अटॅचमेंट आहे. मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात यूयूएनकोड हा फाइलची साधी अक्षरं करणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा मेलमधून फक्त साधा मजकूर धड पोचायचा. फोटो असो की प्रोग्राम, अक्षरांचं सोंग घेऊनच निघायचा.

हा मजकूर बेस64 च्या (फाइलची अक्षरं करण्याची दुसरी एक पद्धत) डीकोडरला, म्हणजे अक्षरांतून मूळ फाइल परत काढणाऱ्या प्रोग्रामला, देऊन उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे: यूयूमध्ये इंग्रजी लहान अक्षरं नसतात आणि मोठ्या फाइलच्या जवळपास सगळ्या ओळी कॅपिटल ‘एम’ने सुरू होतात.

हा ‘एम’ फार कामाचा. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात त्याचा क्रमांक 77. त्यातून 32 वजा केले की 45, म्हणजे त्या ओळीत 45 बाइट आहेत. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून 60 आणि स्वतः ‘एम’ धरून ओळ 61 अक्षरांची.

माझं घोडं इथेच अडलं होतं. एका नातेवाइकांच्या जुन्या मेलमधलं चित्र काही केल्या उघडेना. ‘एम’च्या ओळींतली अक्षरं मोजली तर कुठे 58, कुठे 60. जुने एनकोडर शून्यासाठी स्पेस वापरत, आणि माझ्या एडिटरनं सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या स्पेस इमानेइतबारे छाटल्या होत्या! ‘एम’च्या तोकड्या ओळी स्पेस भरून पुन्हा 61 केल्या, चित्र उघडलं. ही कटकट नको म्हणून नंतरचे एनकोडर स्पेसऐवजी बॅकटिक (` हे चिन्ह) लिहू लागले.

वर्ड प्रोसेसरमध्ये तर हा मजकूर उघडूच नका. सरळ अवतरणचिन्हं तो वाकडी करतो आणि इथे ती चिन्हंही डेटाच असतात. फाइल तुकड्यांत आली असेल तर क्रम लावा आणि मधले मेल हेडर, सह्या काढा. ‘एंड’ची ओळ शाबूत आहे ना, तेही बघा.

डीकोड रिकाम्या फोल्डरमध्येच करा. ‘बिगिन’च्या ओळीतल्या नावानं फाइल तयार होते, त्याच नावाची तुमची फाइल तिथे असेल तर ती गेलीच म्हणून समजा.

मजकुरात ‘वायबिगिन’ दिसलं तर ते 2001 चं वायएन्क, म्हणजे याच कामाची नंतरची पद्धत. त्यात आठही बिट वापरतात, म्हणजे साध्या मजकुरात न बसणारी चिन्हंही येतात, त्यामुळे कॉपी-पेस्ट केलं की संपलं. मूळ मेसेज आहे तसा सेव्ह करून थेट डीकोडरला द्या.