अमेरिकेत अटकेनंतरचा जामीन : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

जामीनदार म्हटले की सातबारा किंवा पगाराचा दाखला घेऊन कोर्टात उभा राहणारा मामा किंवा मित्र आपल्या डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र हे काम परवानाधारक एजंट पैसे घेऊन करतात, आणि हा फरक ठाऊक नसल्याने घाबरलेले कुटुंब पहिल्याच रात्री नको तिथे सही करून बसते.

समजा, न्यायाधीशाने किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या) ठरलेल्या तक्त्यानुसार जामीन २०,००० डॉलर ठरला. ती पूर्ण रक्कम तुम्ही स्वतः भरलीत आणि आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर खटला संपल्यावर ती परत मिळते. काही ठिकाणी त्यातून दंड व शुल्क कापले जाते. तेवढी रोकड नसेल तर एजंट कोर्टाला हमी लिहून देतो आणि त्यासाठी सहसा १० टक्के, म्हणजे २,००० डॉलर घेतो. ही अनामत नव्हे, त्याची फी आहे. निर्दोष सुटलात तरी ती परत येत नाही.

एका तरुण दांपत्यासोबत मी स्वतः रात्री दोन वाजता अशा एजंटच्या काउंटरवर उभा होतो. पत्नीचे हात थरथरत होते. तिने करार न वाचता प्रत्येक पानावर सही केली. पुढे सरकारी वकिलांनी आरोपच दाखल केले नाहीत, पण फी गेली ती गेलीच. तिला मी तेव्हाच थांबवायला हवे होते, ही रुखरुख आजही आहे. त्या करारात सही करणारा हमीदार असतो : आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर वॉरंट निघते आणि पूर्ण रकमेसाठी एजंट हमीदाराच्या मागे लागतो; तारण दिले असेल तर घर किंवा गाडीही जाऊ शकते.

म्हणून शक्य असेल तर पहिल्या सुनावणीपर्यंत थांबण्याचा विचार वकिलाशी बोलून करावा. तेथे जातमुचलक्यावर सुटका मागता येते, आणि ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने बचावाचा वकील मिळतो. केंटकी, ओरेगॉन आणि विस्कॉन्सिनमध्ये असे एजंट नाहीत. इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद केला आहे.

व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट आधी विचारावी : इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आइसने, ताब्याची विनंती पाठवली आहे का? पाठवली असेल तर जामीन भरल्यावर माणूस घरी येण्याऐवजी त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो, आणि तिथला बाँड वेगळा, किमान १,५०० डॉलरचा असतो. म्हणून फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही पैसे भरण्यापूर्वीच फोन करावा. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा अधिकार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आहे.

तुरुंगातून येणारे फोन ध्वनिमुद्रित होतात, त्यामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल त्यावर अवाक्षरही काढू नये. मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही, हा समज चुकीचा आहे. तुरुंगात चौकशी करताना नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच सांगावे, कारण मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी आडनावाच्या जागी नोंदले जाते आणि माणूस यादीत सापडतच नाही. सुनावणीला जाताना घराचा भाडेकरार, नोकरीचे पत्र आणि मुलांच्या शाळेचे कागद वकिलाकडे द्यावेत.