रेघेवरून चालणारी गाडी: सहावी ते आठवीच्या वर्गासाठी

पहिल्या तासाला फळ्यावर ‘रोबोट म्हणजे काय?’ लिहू नका. हा शब्द १९२० सालच्या एका चेक नाटकातून आला, हे महिनाभराने सांगितलं तरी काही बिघडत नाही. आधी मुलांच्या हातात मोटार द्या.

सुरुवात कागदी कपापासून. कपाला तीन स्केचपेनांचे पाय, वर खेळण्यातली मोटार, तिच्या दांड्यावर एका बाजूला खोडरबराचा तुकडा. तोल बिघडला की कप थरथरत कागदावर गिरगटतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढच्या आठवड्यात गाडी. तिघांच्या गटाला दोन पिवळ्या बीओ मोटारी (गिअर बसवलेल्या छोट्या मोटारी), एल२९३डी ड्रायव्हर (मोटारींना करंट पुरवणारी चिप), दोन आयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाश सोडून तो परत येतो का हे पाहणारे) आणि चार पेन्सिल सेल. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी घ्या असं जो सांगेल, त्याने दोन मोटारी एकत्र चालवून पाहिलेल्या नाहीत. तिला तेवढा करंट झेपत नाही, ती लगेच मान टाकते.

प्रोग्रॅमही नको. रेघ म्हणजे पांढऱ्या कागदावरची काळी पट्टी. ड्रायव्हरवरचा प्रत्येक मोटारीचा एक इनपुट कायम प्लसला, दुसरा त्याच बाजूच्या सेन्सरच्या आउटपुटला. पांढऱ्यावर आउटपुट लो, म्हणजे जवळजवळ शून्य व्होल्ट, देणारा सेन्सर घ्या. मग पांढऱ्यावर दोन इनपुट वेगळे असतात आणि मोटार फिरते. काळ्यावर दोन्ही इनपुट हाय, म्हणजे प्लसइतके, होतात आणि ती थांबते. उजवा सेन्सर पट्टीवर आला की उजवं चाक थांबतं, गाडी उजवीकडे वळते. पट्टी दोन सेन्सरांच्या मधे हवी.

आता खरी डोकेदुखी: सेन्सर जुळवणं. एका विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मी सगळ्या गाड्या सकाळी वर्गात जुळवल्या आणि दुपारी प्रदर्शन व्हरांड्यात मांडलं. पालक जमले आणि एकूण एक गाडी पट्टी ओलांडून सरळ भिंतीवर. मी वायरी उपसत बसलो. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी गाडीवर वही धरून ओणवी चालायला लागली, आणि वहीच्या सावलीत गाडी वळली! उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. सेन्सरला काळी पट्टीही पांढरीच वाटत होती.

तेव्हापासून माझा नियम एकच: गाडी जिथे पळणार, तिथेच आणि त्याच वेळी जुळवायची. खिडकीजवळचा बाक नको. सेन्सर जमिनीपासून सेंटीमीटरभर, त्याहून वर नाही. बाजूने काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा. सेन्सरवरचा निळा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा: पांढऱ्यावर दिवा लागला पाहिजे, काळ्यावर विझला पाहिजे. जेमतेम विझला तिथे थांबू नका, थोडी सवड ठेवा. सेल उतरले की तीच उपयोगी पडते.

आणि स्क्रू मुलांनीच फिरवायचा. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. मला अजून जड जातं, पण सरांनी जुळवलेली गाडी बिघडली की मुलं सरांकडेच बघतात.

रेघ स्केचपेनने काढू नका. डोळ्यांना काळ्या दिसणाऱ्या काही शाया इन्फ्रारेड शोषतच नाहीत, नि मग तासभर जोडण्या तपासत बसाल. पांढऱ्या कार्डशीटवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. वळणं मोठी ठेवा. काटकोन पहिल्या दिवशी नको. तुमची पाठ वळली की मुलं तो चिकटवतातच.