मुलाचा फटका उशिरा का बसतो? बेसबॉलच्या नव्या कोचसाठी

लहान मुलांना बॅटिंग शिकवायला आलेला नवा कोच सोबत एक ठरलेली यादी घेऊन येतो. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे वाकलेले, कोपर वर, नजर चेंडूवर. ती यादी प्रत्येक मुलाला ऐकवली जाते. माझा आग्रह असतो की सुरुवातीचे काही सराव कुणालाही काहीही सुधारून सांगू नका. बाजूला उभे राहा आणि बघा. चूक पटकन दिसते, पण तिचं कारण दिसायला वेळ लागतो.

फटका उशिरा बसणं हेच घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचे चेंडू सारखे पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, फाउल (रेषेबाहेर) जाऊ लागले की सगळे ओरडतात, ‘लवकर मार!’ त्याला ते आधीच कळलेलं असतं. उशीर कुठून येतोय, हे शोधायचं काम आपलं.

पहिला संशय बॅटवर घ्या. मोठ्या भावाची किंवा ‘दोन वर्षं पुरेल’ म्हणून घेतलेली बॅट बऱ्याच मुलांच्या हातात असते. मुलाला एका हाताने बॅट धरून हात खांद्याच्या रेषेत ताठ ठेवायला सांगा. 20 सेकंदांच्या आत बॅटचं टोक लोंबायला लागलं, तर ती त्याला जड आहे. नवी बॅट मिळेपर्यंत पकड दोन बोटं वर सरकवली तरी फरक पडतो.

बॅट ठीक असेल तर पुढच्या पायाकडे बघा. चेंडू अर्ध्या वाटेत आला तरी पाय हवेतच असेल, तर हाताचा वेग कितीही वाढवून उपयोग नाही. लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) 46 फुटांवरून टाकतो. ताशी 50 मैलांचा चेंडू तेवढं अंतर साधारण 0.6 सेकंदांत कापतो आणि त्यातलाही बराचसा वेळ ओळखण्यात जातो. म्हणून बॅटरची तयारी पिचरच्या हालचालीबरोबरच सुरू व्हायला हवी. पुढे मुलं 60 फूट 6 इंचांच्या मोठ्या मैदानावर गेली की हा ताळमेळ पुन्हा बसवावा लागतो.

काहींचा पाय वेळेवर पडतो, पण मारू की नको हे ठरत नाही. ही नजरेची बाब आहे, टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) शेकडो चेंडू मारून ती सुधारत नाही. पिचर सराव करत असताना अशा मुलाला हेल्मेट घालून, बॅट खांद्यावर ठेवून बॅटरच्या जागी उभं करा. मारायचं नाही. चेंडू मिटमध्ये (कॅचरच्या हातमोज्यात) पोहोचायच्या आत ‘स्ट्राइक’ (मारण्याजोगा) किंवा ‘बॉल’ (सोडण्याजोगा) एवढंच ओरडायचं.

चौथं कारण भीती, आणि ते सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतं. माझ्याकडच्या एका मुलीचे टीवरचे फटके सरळ, खणखणीत जायचे. समोर पिचर आला की तिचा पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे सरकायचा. तंत्र उत्तम होतं, फक्त शरीर स्वतःला वाचवत होतं. तिच्या टाचेमागे आडवी बॅट ठेवून पाय अडवणं सोपं होतं, पण त्याने भीती जात नाही. आम्ही टेनिस बॉल घेतले आणि आधी अंगावर येणाऱ्या चेंडूपासून वळायला शिकलो: पुढचा खांदा आत, हनुवटी छातीशी, पाठ पिचरकडे. चेंडू पाठीला लागला तरी फार काही होत नाही हे तिला कळलं, आणि मग हळूहळू पाय आपोआप सरळ पडू लागला.

बलस्थानांबाबत तर आणखी जपून वागावं. जपानच्या सदाहारू ओह यांची वेळ जमत नव्हती, तेव्हा कोच हिरोशी अराकावा यांनी त्यांना पुढचा पाय उंच उचलून एका पायावर उभं राहायला लावलं. 1962 मध्ये ओह यांनी 38 होम रन (सहसा चेंडू कुंपणापलीकडे धाडणारे फटके) मारले आणि कारकिर्दीत 868. तीच लकब तुमच्या दुसऱ्या एखाद्या मुलाचा तोल घालवील. उलट उदाहरण अमेरिकेच्या डावखुऱ्या टोनी ग्विन यांचं. त्यांचे फटके तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) यांच्यामधून विरुद्ध बाजूला जात. होम रन फक्त 135, पण सरासरी .338 (हजार प्रयत्नांत 338 यशस्वी फटके) आणि आठ वेळा लीगमधला सर्वोत्तम बॅटर. तुमच्या संघातलं एखादं मूल असंच सहज विरुद्ध बाजूला मारत असेल, तर त्याला ‘ताकदीने ओढून मार’ सांगण्याचा मोह मला तरी धोक्याचा वाटतो. आतला चेंडू थोडा पुढे गाठायला शिकवा, बाकी त्याचं त्याच्याकडे राहू द्या.

प्रत्येकाकडून एकसारखं मागावं असं फार थोडं आहे: फटक्याच्या क्षणी डोकं स्थिर, आणि फटक्यानंतर तोल शाबूत. बॅट कुठे धरायची, पाय किती उघडे ठेवायचे, यावर मी वाद घालत नाही.

बदल एका वेळी एकच करा, आणि तो शरीराच्या भाषेत न सांगता चेंडूच्या भाषेत सांगून बघा. ‘मागचा खांदा पाडू नकोस’ म्हटलं की मूल आखडतं. ‘पिचरच्या डोक्यावरून सरळ मार’ म्हटलं की खांदा बहुधा आपणच जागेवर येतो. काहींना मात्र आरशासमोर संथ हालचाल करूनच समजतं. त्यांना तसंच शिकवा.

सामन्याच्या दिवशी तंत्र बंद. मी वहीत प्रत्येकाचे फटके कुठे गेले ते टिपतो आणि बॅटिंगला निघालेल्या मुलाला त्याचा ठरलेला एकच शब्द सांगतो. एकाला ‘लवकर पाय’, दुसरीला ‘श्वास’, तिसऱ्याला काहीच नाही, कारण त्याला शांतता लागते.