आरंभीची इस्लामी नाणी वाचताना या चुका टाळा

चांदीच्या नाण्यावर खुस्रोचा मुकुट दिसला की 'हे सासानी (इस्लामपूर्व राजघराण्याच्या) इराणचं' म्हणून मोकळं होऊ नका. सासानी राजा खुस्रो दुसरा ६२८ मध्येच मारला गेला, तरी त्याचा चेहरा आणि मागची अग्निवेदी अरबांच्या दिरहमांवर (चांदीच्या नाण्यांवर) पुढे कित्येक दशकं टिकली. इराण जिंकणाऱ्यांनी टांकसाळी चालू ठेवल्या आणि बाजारात चालणारा साचा मोडला नाही. शहाणपणाच होता तो! सत्ताबदल शोधायचा तर आधी कड बघा. वर्तुळाबाहेर अरबीत 'बिस्मिल्लाह' असतं आणि चेहऱ्यासमोर, राजाच्या नावाच्या जागी, पहलवी या जुन्या इराणी लिपीत बहुधा अरब सुभेदाराचं नाव.

दुसरी चूक याच्या उलट. नाणं बिनचित्राचं, त्यावर नावही नाही, मग त्यामागचा शासक दुबळा असणार, असं धरून चालतात. दमास्कसचा उमय्या घराण्यातला खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी (इस्लामी कालगणना) ७४ ते ७७ या काळात तलवारधारी उभ्या खलिफाचे दिनार (सोन्याची नाणी) पाडून पाहिले. हिजरी ७७ मध्ये (इ. स. ६९६-९७) ते चित्रही काढलं. उरला तो फक्त मजकूर, स्वतःचं नावसुद्धा नाही. पण अल्लाहबद्दलचा मजकूर वाचा: 'त्याने कोणाला जन्म दिला नाही, तो कोणापासून जन्मला नाही.' शेजारी बायझंटाइन सम्राट जस्टिनियन दुसरा याने काही वर्षांपूर्वीच नाण्यावर ईश्वरपुत्र मानलेल्या ख्रिस्ताची प्रतिमा छापली होती, हे लक्षात घेतलं की या ओळीचा रोख कळतो. वजनही सुमारे ४.२५ ग्रॅम, म्हणजे बायझंटाइन सोन्याच्या नाण्यापेक्षा थोडं कमी, स्वतःचं वेगळं. नाण्यावर खलिफाचं नाव घालायची रीत पुढे, उमय्यांनंतरच्या अब्बासी घराण्याच्या काळात रुळली. ती मागे नेऊन उमय्यांना लावू नका.

इसवी सन काढायला हिजरी सालात सरळ ६२२ मिळवू नका. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं.

खरी फजिती मात्र साल वाचताना होते. ते अक्षरांत लिहिलेलं असतं आणि अक्षरांना बहुधा नुक्ते (ओळख पटवणारी टिंबं) नसतात. 'सब' (सात) आणि 'तिस' (नऊ) दोन्हींत चार दाते (छोटी उभी टोकं), मग ऐन हे अक्षर. एकटा दाता आधी असेल तर नऊ, तीन दात्यांनंतर असेल तर सात. झिजलेल्या नाण्यावर ७७, ७९, ९७, ९९ सगळी सारखीच दिसतात. अशा वेळी दिरहमवरचं टांकसाळीचं नाव वाचा. 'वासित' (इराकमधलं शहर) असेल तर ७७ आणि ७९ बाद, कारण इराकवर पकड ठेवण्यासाठी सुभेदार हज्जाजने ते शहर त्यानंतर वसवलं.