गर्दीत भोवळ येईल या धास्तीतून बाहेर पडताना

मे महिन्यातल्या एका दुपारी दादरच्या रेल्वे पुलावर मला भोवळ आली. शुद्धीवर आलो तेव्हा एक अनोळखी मावशी पदराने वारा घालत होत्या आणि माझी मूठ कठड्याच्या गजावर तशीच आवळलेली होती. प्रसंग दोन मिनिटांचा होता, पण पुढे दोन वर्षे मी तो पूल टाळला, रांगेत उभे राहणे टाळले आणि लग्नाच्या हॉलमध्येही दाराजवळचीच खुर्ची धरली. त्या काळात उमगलेले इथे लिहीत आहे.

सर्वप्रथम एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावे. हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर घेतलेला रक्तदाब, एवढ्यावरून पुष्कळ उलगडा होतो. पळताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपली असेल, त्याआधी छातीत दुखले किंवा धडधडले असेल, अथवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हे दाखवणे अजिबात लांबणीवर टाकू नये.

तपासणीत काही निघाले नाही, तर एक भेद नीट समजून घ्यावा, कारण सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. साधी भोवळ येते ती रक्तदाब एकाएकी उतरून मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे. उकाडा, उपाशी पोट, कमी पाणी आणि ताटकळत उभे राहणे ही तिची नेहमीची कारणे. घाबरल्यावर मात्र ठोके वाढतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून निव्वळ धास्तीने शुद्ध हरपणे क्वचितच घडते. तरीही डोके हलके होते आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कारण भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो व मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त किंवा सुई पाहून येणारी भोवळ हा याला ठळक अपवाद आहे, कारण तिथे रक्तदाब आधी चढून मग खरोखरच कोसळतो.

छातीत धडधड सुरू झाली की भोवतालचे लोक ‘मोठा श्वास घे’ म्हणतात. माझ्या मते हा सल्ला उलटतो, कारण श्वास आधीच जास्त झालेला असतो. नाकाने हलका श्वास घ्यावा, तो घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा आणि लाट ओसरेपर्यंत जागा सोडू नये. घाम फुटून मळमळत असेल, आवाज दुरून येत असतील आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र संकोच न करता तिथेच खाली बसावे किंवा आडवे होऊन पाय उंच करावेत. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी रक्ताला घाबरणाऱ्यांसाठी विकसित केलेली रीतही घरी खुर्चीत बसून शिकून ठेवावी: मुठी, दंड, पोट आणि मांड्या 10 ते 15 सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत घट्ट आवळायच्या, मग 20 ते 30 सेकंद सैल सोडायच्या, असे पाच वेळा. गर्दीत उभे असताना पायाला पाय अडकवून मांड्या आवळल्या तरी रक्तदाब सावरण्यास मदत होते.

टाळलेल्या जागी परतताना पायरीपायरीने जावे. मी आधी सकाळच्या मोकळ्या वेळी पुलाच्या मध्यापर्यंत गेलो आणि धडधड कमी होईपर्यंत तिथेच थांबलो. रोज तेच करता करता ते सवयीचे झाले, तेव्हा संध्याकाळची गर्दी निवडली. पाण्याची बाटली उन्हासाठी जरूर बाळगावी, पण ती ताईत झाली आणि तिच्यावाचून पाऊल उचलेना, की एखादे दिवशी ती मुद्दाम घरी ठेवावी. एकट्याने जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.

घरच्यांनाही सांगून ठेवावे, की शुद्ध हरपलीच तर तोंडात पाणी ओतू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि धरून उभे करू नये. आडवे निजवून पाय उंच करावेत, मिनिटभरात शुद्ध आली नाही तर 108 ला फोन करावा.