मेन कूनचे मागचे पाय लटपटतात? आधी घरातली फरशी बघा

आमचा बाजीराव मेन कून जातीचा बोका. तीन-चार महिन्यांचा झाला आणि चालताना मागून डोलायला लागला, मागचे घोटे आत वळून जवळजवळ टेकायला लागले. सोफ्यावर उडी मारली की अर्ध्यातच लोंबकळायचा. डीएनए तपासणीत निघालं स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरतात आणि स्नायू वाळत जातात. औषध नाही. पण दुखत नाही, आणि घरात सांभाळलेली अशी मांजरं वर्षानुवर्षं जगतात. तेव्हा मांजराला गोळ्या शोधण्यापेक्षा घर बदला. (माणसाची पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराला ती विषच.)

आमच्या बोरिवलीच्या फ्लॅटमधली गुळगुळीत टाइल पावसाळ्यात दमट झाली की बाजीराव बेडकासारखा चारी पाय फाकून बसायचा. सतरंजी घालू नका, ती मांजरासकट सरकते. जुनी योगा मॅट कापून पट्ट्या करा आणि झोपायची जागा, जेवणाची वाटी, शी-शूचा ट्रे अशी सलग वाट दुहेरी चिकटपट्टीने बसवा. ट्रे बुटक्या काठाचा घ्या. मेन कूनच्या बोटांमध्ये केसांचे झुपके असतात, तळव्याखालचे तेवढे कापा. नखांची फक्त टोकं काढा. मॅटमध्ये नख रुतवूनच तो स्वतःला ओढतो.

सोफ्यापाशी आधी पाट, मग चौरंग. चढणं जमतं, उतरताना मात्र धपकन आदळतो, म्हणून खाली जुनी गादी. आणि ‘याला कुठे उडी मारता येते’ म्हणून खिडकीची जाळी टाळू नका. पायऱ्या मिळाल्या की हे महाशय कठड्यावर पोचतातच.

वजन वाढू देऊ नका. आमच्याकडे आजी सुरमईचा तुकडा गुपचूप सरकवते, तिथे माझा इलाज नाही.

एक मात्र नीट ओळखा. एसएमए हळूहळू येतो. अचानक मागचे पाय गेले, पंजे गार पडले आणि मांजर कळवळून ओरडतंय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. या जातीत हृदयाचा आजारही असतो. रिक्षा करा, तडक दवाखाना गाठा.

नवं पिल्लू घेताना ‘पेपर्स आहेत’ एवढ्यावर भागवू नका. पेपर्स म्हणजे वंशावळ. आई आणि बाप दोघांचाही एसएमएचा डीएनए रिपोर्ट वेगळा मागा. दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक पिल्लाला 25 टक्के धोका. विक्रेता म्हणेल, आई-बाप ठणठणीत आहेत. असतीलही, वाहक मांजर ठणठणीतच असतं.